इंजिन बांधलं, सेन्सर दोनदा बदलला, तरी कोड का जात नाही?

प्रश्न : माझी २०१३ ची डिझेल स्विफ्ट डिझायर आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही, चूक माझीच. टायमिंग चेनने दात सोडले, व्हॉल्व्ह वाकले आणि एका पिस्टनला मार बसला. वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रींनी कुर्ल्याहून हाफ इंजिन (हेडशिवायचं जुनं इंजिन) आणलं, माझंच हेड दुरुस्त करून त्यावर चढवलं आणि चेन किट नवीन टाकलं. गाडी चालते, पण सकाळी सेल्फ पाच-सहा सेकंद मारावा लागतो. चेक लाइट लागला, स्कॅनरवर पी०३४० आला. आधी लोकल कॅम सेन्सर टाकला, महिनाभराने ओरिजिनल टाकला. आता पी०३४० कधी असतो, कधी नसतो, आणि सोबत पी००१६ हा नवाच कोड येतो. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडीत दम राहत नाही. मिस्त्री म्हणतात, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, अठरा हजार लागतील. टाकू का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : अठरा हजार खिशातच राहू द्या, आणि तिसरा सेन्सरही घेऊ नका. ईसीएमच्या बाजूची साक्ष तुमच्या पत्रातच आहे. पी००१६ म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) यांचा आपसातला मेळ चुकलेला आहे. मेळ चुकला हे कळण्यासाठी ईसीएमला दोन्ही सेन्सरचे सिग्नल मिळावे लागतात, ते मोजावे लागतात. म्हणजे निदान त्या वेळेला ईसीएम जागा आहे, वायर जोडलेली आहे आणि सेन्सर बोलतो आहे. पी०३४० चा अर्थ वेगळा : कॅम सेन्सरच्या सर्किटमधून कामाचा सिग्नलच आला नाही. हे दोन कोड एका क्षणाला एकत्र खरे असू शकत नाहीत, पण आळीपाळीने असू शकतात. त्यावरून आमचा अंदाज असा, की गाडीत दोन दोष आहेत. एक सैल जोडणीचा किंवा सेन्सरच्या बसण्याचा, जो येतो-जातो. दुसरा मेकॅनिकल, जो इंजिन बांधल्या दिवसापासून तिथेच आहे. तो आधी दिसला नाही, कारण लोकल सेन्सरचा सिग्नल इतका कच्चा असावा की ईसीएमला मेळ तपासायची वेळच आली नाही. ओरिजिनल सेन्सर आल्यावर त्याने खरं सांगायला सुरुवात केली.

सकाळच्या लांब सेल्फचं कारणही यातच आहे. क्रँकच्या दातेरी चकतीवर बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश. गाळलेली जागा ही ईसीएमची खूण. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो आणि एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. यातला कोणता, हे क्रँक सांगू शकत नाही. दोन फेऱ्यांत एकदाच फिरणारा कॅम ते सांगतो. दोन्ही जुळेपर्यंत ईसीएम डिझेल सोडत नाही, किंवा अंदाजाने सोडून बघतो. तुम्ही चावी धरून बसता तो वेळ या जुळवाजुळवीचा आहे.

आता शोधाची दिशा. इंजिन उतरवण्याआधी कॅम सेन्सरची तक्रार नव्हती. म्हणून ज्याला ज्याला हात लागला तिथेच बघायचं : अर्थिंगच्या पट्ट्या, वायरिंगचा मार्ग, कपलर (वायर जोडणारा प्लग), सेन्सरचं भोक, चेन, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), आणि बाहेरून आलेलं हाफ इंजिन. ईसीएम बोनेटखाली होता तिथेच आहे. हात लागलाच असेल तर त्याच्या कपलरला.

सुरुवात करण्याआधी कोड उडवू नका. आपल्याकडे स्कॅनर लावला की पहिलं काम कोड उडवण्याचं होतं आणि त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. ती आधी लिहून किंवा फोटो काढून ठेवा : कोड आला तेव्हा आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, गाडी किती वेळ चालली होती. पी०३४० दर वेळी सेल्फ मारतानाच येत असेल तर बॅटरी, अर्थिंग, सेन्सरचं अंतर हे संशयित. वीस-पंचवीस मिनिटं चालून इंजिन तापल्यावरच येत असेल तर सेन्सर किंवा उष्णतेने सुटणारी जोडणी. खड्ड्यांत, स्पीडब्रेकरवर येत असेल तर वायर. एवढ्याने अर्धं काम होतं आणि त्याला पैसा लागत नाही.

बॅटरी आणि अर्थिंग

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर लावून सेल्फ मारा. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा बदला. तेवढ्या कमी व्होल्टवर ईसीएमने दाखवलेल्या कोडवर विसंबू नये. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहायला हवं. एक व्होल्टच्या घरात गेलं तर इंजिनची अर्थिंग पट्टी नीट बसलेली नाही.

बांधलेल्या इंजिनात ही चूक फार होते आणि ती दिसतही नाही. इंजिनला चांदी रंगाचा स्प्रे मारलेला असतो, बोल्ट घट्ट असतो, पट्टी नवी दिसते. पण पट्टीचं टोक रंगाच्या थरावर बसलेलं असतं. बोल्ट खोला, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी घासा, आवळा, आणि नंतरच वरून थोडं ग्रीस लावा. गिअरबॉक्स ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, दोन्ही पट्ट्या बघा. एखादी बसवायचीच राहिली असेल तर गॅरेजच्या डब्यात सापडेल.

कपलर आणि तीन वायर

तुमच्या सेन्सरला तीन वायर आहेत, म्हणजे तो हॉल प्रकारचा (चुंबकीय बदल ओळखून सिग्नल देणारा) : एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. कोणती पिन कोणती, हे वायरिंग डायग्राम पाहून ठरवा. वायरच्या रंगावर जाऊ नका. मधेच वायर तोडून दुसऱ्या रंगाची जोडलेली असू शकते. दोन वायरच्या सेन्सरला ओहममध्ये मोजता येतं. हॉल सेन्सरला ओहम लावून काही कळत नाही, त्यामुळे कुणी ‘रेझिस्टन्स बरोबर नाही, सेन्सर गेला’ असं सांगितलं तर ते ऐकून सोडून द्या.

मीटरची जाड पिन कपलरच्या तोंडातून आत खुपसू नका. आतला पितळी टर्मिनल त्याने फाकतो आणि मग खरोखरच सैल जोडणी तयार होते. तुमच्या गाडीत आधीच हे झालेलं असण्याची शक्यता धरून चाला, कारण दोन वेळा सेन्सर बदलताना कुणीतरी तपासलं असणारच. शिवणाची बारीक सुई घ्या, कपलरच्या मागून, वायरच्या कडेने, रबरी सीलमधून सरकवा आणि मीटर सुईला लावा.

कपलर काढलेला, चावी ऑन, इंजिन बंद. सप्लाय आणि अर्थ यांच्यात ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळायला हवेत (काही गाड्यांत सप्लाय १२ व्होल्टचा असतो, म्हणून डायग्राम आधी). सिग्नलच्या पिनवरही साधारण पाच व्होल्ट दिसायला हवेत. हे पाच व्होल्ट ईसीएम स्वतः आतून लावतो आणि सेन्सर ते कॅमच्या चकतीतल्या दर खिडकीला शून्यावर ओढतो. म्हणून सिग्नल पिनवर पाच व्होल्ट दिसले की ईसीएमपासून कपलरपर्यंतची वायर अखंड आहे हे समजलं. तिथे शून्य असेल तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

सप्लायच शून्य असेल तर लगेच ईसीएमवर येऊ नका. पाच व्होल्टची तीच लाइन बऱ्याचदा आणखी सेन्सरांना जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळे आंधळे होतात. चावी ऑन ठेवून, मीटर लावलेला ठेवून, त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतील तो चोर.

पाच व्होल्ट दिसले तरी ते भार पेलतात का, हे वेगळं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजून एका तारेवर टिकलेली वायरही त्याला पूर्ण पाच व्होल्ट दाखवते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात रुपया-दोन रुपयांत ४७० ओहमचा रेझिस्टर मिळतो. तो सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये लावा. साधारण दहा मिलिअँपिअर करंट जाईल, सेन्सर घेतो तितपतच. आकडा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. पाचाचे तीन झाले तर वायरमध्ये किंवा टर्मिनलमध्ये गंज आहे. इथे टेस्ट लॅम्प वापरू नका. तो १२ व्होल्टच्या लाइनसाठी असतो. पाच व्होल्टच्या लाइनवर त्याचा करंट ईसीएमला झेपेलच असं नाही.

रेझिस्टर लावलेला ठेवूनच वायरिंग हलवून बघा. इंजिन चढवताना हार्नेस कुठून गेला ते हाताने चाचपत जा : कॅम कव्हरची कड, इंजेक्टरच्या पाइपांखाली, ईजीआरजवळ, अल्टरनेटरच्या मागे. ब्रॅकेटखाली चिमटलेली वायर बाहेरून शाबूत दिसते. बोटांना मात्र तिथे चपटेपणा लागतो. आकडा उडाला की जागा सापडली. उंदरांनी कुरतडलेली वायर हे आपल्या पार्किंगांतलं रोजचं दुखणं, तेही बघा. गाडी देण्याआधी इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलं होतं का, हे मिस्त्रींना विचारा. ‘इंजिन चकाचक करून देतो’ या भानगडीत पाणी कपलरमध्ये शिरतं आणि महिनाभरात टर्मिनल हिरवे पडतात. कळव्याहून ऐरोलीकडे जाताना विटाव्याच्या पुलाखाली पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तीच गोष्ट. हिरवं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नवा टर्मिनल. नुसतं फुंकर मारून परत लावणं म्हणजे दोन आठवड्यांची सोय.

सेन्सर बसला कसा आहे

हे आम्हाला तुमच्या बाबतीत सर्वांत संशयास्पद वाटतं. सेन्सरचं टोक आणि कॅमसोबत फिरणारी चकती यांच्यात साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर जागा असते. ती दोनच्या पुढे गेली की सिग्नल डळमळतो. तुमचा सेन्सर दोनदा बदलला आहे. बोल्ट काढून सेन्सर उपटताना जुनी ओ-रिंग पुष्कळदा भोकातच चिकटून राहते. ऑइलने काळी पडलेली, कडेच्याच रंगाची, टॉर्च तिरकी मारल्याशिवाय दिसत नाही. नवा सेन्सर स्वतःची ओ-रिंग घेऊन येतो आणि जुनीच्या वर बसतो. बोल्ट आवळल्यावर वरून सगळं ठीक, आत टोक दीड-दोन मिलिमीटर वर किंवा किंचित तिरकं. कव्हर बसवताना लावलेला सिलिकॉन सेन्सरच्या बैठकीवर पसरून वाळला असेल तर त्याचाही परिणाम हाच.

अंतर मोजायला महागडं साधन नको. मुलांच्या खेळण्यातला क्ले घ्या, नसेल तर घट्ट मळलेली कणीक. मटारएवढा गोळा सेन्सरच्या टोकावर चिकटवा, सेन्सर जागेवर दाबून बोल्ट आवळा, इंजिन अजिबात न फिरवता परत काढा, आणि चपटा झालेला थर व्हर्निअरने मोजा. मात्र टोकासमोर चकतीचा भरीव भाग यायला हवा, खाच नव्हे. थर फारच जाड आला तर इंजिन हाताने थोडं फिरवून पुन्हा मोजा. झाल्यावर टोक स्वच्छ पुसा, कणकेचा कण आत पडू देऊ नका.

सेन्सर बाहेर आहे तोवर टोकाकडे बघा. त्यात चुंबक असतो. काळपट, मऊ, केसाळ थर बसलेला असेल तर ते लोखंडाचं पीठ आहे. नवीन बांधलेल्या इंजिनात थोडं निघतंच, विशेषतः तुमच्यासारखी चेन तुटाफुटीची पार्श्वभूमी असेल तर. पुसून टाका. पण बोटांत खरखरीत कण किंवा चकाकणारे तुकडे लागले तर सेन्सर बाजूला ठेवा आणि ऑइल चेंबर उघडायला सांगा.

सेन्सर खरंच चांगला आहे का, हे आता दोन मिनिटांत कळतं. तो भोकाबाहेरच ठेवून कपलर लावा, चावी ऑन करा, सिग्नलच्या वायरमध्ये मागून सुई घालून मीटर लावा. स्टीलच्या स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टोकासमोरून एक मिलिमीटरवरून न्या. आकडा पाचावरून शून्याजवळ किंवा शून्यावरून पाचावर उडी मारायला हवा, प्रत्येक वेळी, न चुकता. मधेच अडीच-तीनवर रेंगाळत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थ वायर खराब. मग हेअर ड्रायरने सेन्सर चांगला हाताला पोळेल इतका तापवून तेच पुन्हा करा. गार असताना चालतो आणि तापल्यावर मुका होतो, अशा लोकल सेन्सरांची संख्या कमी नाही.

सगळं ठीक निघालं तर सेन्सर परत बसवा : एकच ओ-रिंग, तिला ऑइलचं बोट, हाताने टेकेपर्यंत दाबून मगच बोल्ट. बोल्टने ओढून सेन्सर खाली बसवू नका, प्लॅस्टिकचा कान तुटतो. असा लहान ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरवर आवळतात, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा एक झटका.

इथवर पी०३४० चा निकाल लागायला हवा. सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम दोनशे-अडीचशे दिसतात का तेही बघा. शून्य दिसले तर कॅम सोडा, क्रँकचा सेन्सर बघा.

पी००१६ : इथे पाना लागतो

या कोडला सेन्सर बदलून उत्तर मिळत नाही. कॅम क्रँकच्या मानाने पुढे किंवा मागे बसला आहे, किंवा दोन्हींपैकी एकाची चकती चुकीच्या जागी आहे. गायमुखच्या चढावर दम न राहणं याच्याशी जुळतं.

आधी एक हिशेब समजून घ्या. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर चेन एक दात चुकणं म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८ अंश. क्रँकच्या चकतीचा एक दात ६ अंशांचा, म्हणजे बरोबर तीन दातांचा फरक. म्हणून इंजिन खोलण्याआधी दोन चॅनलचा स्कोप (सिग्नलचं चित्र दाखवणारं यंत्र) असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. एका चॅनलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम, सेल्फ मारून चित्र पकडायचं. गाळलेल्या दातांच्या खुणेपासून कॅमची कड किती दातांवर येते ते मोजायचं. मग हेच चित्र दुसऱ्या त्याच मॉडेलच्या गाडीवर घ्यायचं. ठाणे-नवी मुंबईत डिझेल डिझायरला तोटा नाही, टूरिस्टवाल्याच्या ओळखीने एक मिळेल. फक्त तिचं इंजिन कधीच खोललेलं नसावं.

तीन दातांचा फरक आला तर चेन एक दात चुकली, वाद संपला. फरक एखाद-दुसऱ्याच दाताचा असेल तर चेन बरोबर असून स्प्रॉकेट आवळताना कॅम फिरला असावा. काही इंजिनांत कॅम आणि स्प्रॉकेट यांना एकमेकांत अडकवणारी खुंटी (‘की’) नसते. स्प्रॉकेट फक्त बोल्टच्या आवळणीवर धरलेलं असतं. तिथे चेनच्या रंगीत कड्या खुणांशी जुळल्या तरी कॅम काही अंश सरकलेला राहू शकतो, आणि खुणा बघून टायमिंग लावणाऱ्याला ते कधीच कळत नाही. तुमच्या १२४८ सीसीच्या इंजिनात टायमिंग लावण्यासाठी लॉकिंग पिनांचा सेट लागतो : फ्लायव्हीलसाठी एक आणि दोन्ही कॅमसाठी. मिस्त्रींना फक्त एवढं विचारा, की पिना लावून टायमिंग केलं की खुणांवर. उत्तर देताना ते जरा थांबले तर समजून जा.

तपासणीही त्याच पिनांनी होते. फ्लायव्हीलची पिन बसल्यावर कॅमच्या दोन्ही पिना हाताने सरकत आत जायला हव्यात. हातोडी निघाली की काम थांबवा, टायमिंग चुकलेलं आहे. आणि दोन्ही कॅम बघायला लावा : सेन्सर एकाच कॅमकडे पाहतो, दुसरा चुकला तर कोणताही कोड येणार नाही, फक्त गाडी ओढणार नाही. बोल्ट आवळताना स्प्रॉकेट वेगळ्या हत्याराने धरायचं असतं. पिनांच्या जोरावर आवळलं तर पिन वाकते आणि तुम्ही होता तिथेच परत येता.

इंजिन हाताने फिरवताना नेहमी चालण्याच्याच दिशेने, पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलट फिरवलं की चेनचा ढिला भाग टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नसलेल्या बाजूला जमतो आणि दात सोडायची भीती. पुलीचा बोल्ट जड जात असेल तर पुढचं एक चाक जॅक आणि स्टँडवर उचला, मागच्या चाकांना ओंडके लावा, पाचवा गिअर टाका आणि उचललेलं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. त्याआधी चावी बंद करून इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. त्यामुळे आणखी चार कोड येतील, ते नंतर उडवता येतात.

दाताचा हिशेब जुळला, तरी पी००१६ फक्त सकाळी पहिल्या सेल्फलाच येतो आणि दोन सेकंद चेनचा खडखडाट ऐकू येतो, असं असेल तर टेन्शनर बघा. तो ऑइलच्या दाबावर चालतो. किटमधला टेन्शनर हलका असेल किंवा ऑइल चुकीचं असेल तर रात्रीतून ढिला पडतो.

एक शक्यता उरते आणि ती कुर्ल्याच्या हाफ इंजिनाची. हेच १२४८ सीसीचं इंजिन मारुतीसाठी मानेसरला बनत होतं आणि फियाट-टाटासाठी आपल्या रांजणगावला. पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मान्झा सगळ्यांत तेच. बाजारात ‘मल्टिजेटचं (या इंजिनाचं फियाटचं नाव) हाफ इंजिन’ म्हणून काहीही मिळतं आणि ब्लॉक चपखल बसतोही. पण क्रँकसोबत आलेली दातेरी चकती तुमच्या ईसीएमला हवी तशीच, त्याच कोनात बसलेली आहे का, हे ब्लॉक बसला म्हणून ठरत नाही. स्कोपवर दातांची संख्या किंवा गाळलेली जागा वेगळी दिसली, किंवा पिना सुरळीत बसूनही चित्र सरकलेलंच राहिलं, तर दोष टायमिंगचा नाही, चकतीचा. तुमच्या जुन्या इंजिनाचे तुकडे गॅरेजात अजून पडले असतील तर ते भंगारात जाऊ देऊ नका. योग्य चकती तिथेच मिळेल.

पी००१६ चा छडा लागेपर्यंत गाडी लांब नेऊ नका आणि चालू होत नाही म्हणून सेल्फवर सेल्फ मारू नका. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा फार थोडी असते. एक दात चुकलेला आज चालतो आहे, दुसरा दात सुटला तर हेड परत खाली.

काम झाल्यावर कोड उडवा आणि लगेच पैसे चुकते करू नका. रात्रभर उभी ठेवलेली गाडी सलग तीन सकाळी चालू करून बघा. सेल्फ एक-दोन सेकंदांत लागायला हवा. नंतर इंजिन पूर्ण तापलेलं असताना गायमुख चढा, परत या, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा, आणि पेंडिंग कोड (नोंदलेले, पण अजून लाइट न लावलेले) वाचा. पेंडिंगही रिकामं असेल तर काम झालं.

तुम्ही विचारलं नाही, तरी : हाफ इंजिनाबरोबर इंजिन नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने करायचा असतो आणि आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. हाफ इंजिनाचं बिल आणि ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद विक्रेत्याकडून घेतले नसतील तर आताच मागा, नंतर तो ओळख देणार नाही. हे न करता अपघात झाला तर विम्याचा दावा इंजिन नंबरवरच अडतो.

आणि पहिल्यांदा काढलेला मूळ सेन्सर शोधा. त्यालाही स्क्रू-ड्रायव्हर दाखवा. आमच्या अंदाजाने तो पाचावरून शून्यावर व्यवस्थित उडी मारेल. पुसून डिकीत ठेवा.